कमांड लाइनवरून लॅपटॉपच्या बॅटरीची पातळी तपासणे

लॅपटॉपच्या बॅटरीत किती चार्ज शिल्लक आहे, ती भरत आहे की रिकामी होत आहे आणि तिची मूळ क्षमता आजवर किती टिकून आहे, ही माहिती पडद्यावरील चिन्हाऐवजी लिखित आज्ञा देऊन मिळवणे, याला कमांड लाइनवरून बॅटरी तपासणे असे म्हणतात. लिनक्स, विंडोज, मॅकओएस आणि बीएसडी कुळातील संचालन प्रणाली या सर्वांमध्ये अशी सोय उपलब्ध आहे.

पडद्याच्या कोपऱ्यातील बॅटरीचे चिन्ह सामान्यतः एकच आकडा दाखवते. तो आकडा शिल्लक ऊर्जेला सध्याच्या पूर्ण क्षमतेने भागून काढलेला असतो. ही पूर्ण क्षमता कालांतराने घटत जाते. त्यामुळे पाच वर्षे वापरलेली बॅटरीही चार्ज झाल्यावर १०० टक्केच दाखवते आणि तरीही तासाभरात संपू शकते. कमांड लाइनवर या भागाकारातील अंश आणि छेद वेगवेगळे पाहता येतात. बॅटरी बदलण्याची वेळ आली आहे का, जुना लॅपटॉप विकत घेण्याजोगा आहे का, दोन तासांची ऑनलाइन परीक्षा चार्जरविना पार पडेल का, अशा प्रश्नांची उत्तरे केवळ टक्केवारीवरून मिळत नाहीत. त्यामागील आकड्यांवरून मिळतात.

या लेखात आज्ञा, फाइली आणि फोल्डर यांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीत, इंग्रजी अंकांसह आणि अन्यथा सांगितलेले नसल्यास लहान अक्षरांत लिहावयाची असतात. अधोरेषा, तिरपी रेघ आणि संयोगचिन्ह ही चिन्हे जशी दाखवली आहेत तशीच टंकावी लागतात.

उपयोग

चिन्हावर एक दृष्टिक्षेप टाकण्यापेक्षा आज्ञा टंकणे हे वरवर पाहता अधिक कष्टाचे वाटते. तथापि काही प्रसंगी तोच एकमेव किंवा अधिक सोयीचा मार्ग ठरतो.

• चित्रमय पडदा नसलेली यंत्रणा: जुना लॅपटॉप घरगुती सर्व्हर म्हणून वापरला जातो तेव्हा त्यावर केवळ मजकुराचा पडदा असतो. अशा सर्व्हरची बॅटरी वीज गेल्यावर इन्व्हर्टरचे काम करते. ती किती वेळ तग धरेल हे दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने जोडून तपासता येते.
• सुलभता: पडदावाचक किंवा ब्रेल पट्टी वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींना चित्रापेक्षा मजकुरातील उत्तर थेट वाचता येते.
• स्वयंचलन: आज्ञेचे उत्तर दुसऱ्या आज्ञावलीला देता येते. पातळी ठरावीक मर्यादेखाली गेल्यास सूचना देणे, प्रत अन्यत्र जतन करणे किंवा संगणक व्यवस्थित बंद करणे ही कामे त्यामुळे आपोआप होऊ शकतात.
• निदान: मूळ क्षमता, सध्याची क्षमता, व्होल्टेज आणि क्षणाक्षणाचा वीजवापर यांची नोंद ठेवता येते.

टक्केवारी कशी ठरते

आधुनिक लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन किंवा त्याच जातीची लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी प्रथम व्यापारी स्वरूपात बाजारात आणली. प्रचलित प्रकारच्या एका घटाचे सरासरी व्होल्टेज ३.६ ते ३.७ व्होल्ट असते, पूर्ण चार्ज झाल्यावर ते सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत चढते, तर ३ व्होल्टच्या आसपास घट रिकामा समजला जातो. लॅपटॉपच्या बॅटरीत असे दोन ते चार घट एकामागोमाग जोडलेले असतात. तीन घटांच्या बॅटरीवर ११.१ व्होल्ट असा आकडा छापलेला आढळतो, तो याच कारणाने.

पाण्याच्या टाकीत किती पाणी आहे हे पातळी पाहून सांगता येते. बॅटरीतील चार्ज मात्र बाहेरून असा दिसत नाही. व्होल्टेजवरून अंदाज बांधावा, तर मधल्या मोठ्या टप्प्यात ते फारच थोडे बदलते. शिवाय तापमान आणि त्या क्षणीचा वीजवापर यांचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून बॅटरीच्या आत मापन करणारी एक लहान चिप बसवलेली असते. ती बॅटरीत येणारा आणि बॅटरीतून जाणारा विद्युतप्रवाह सतत मोजते आणि त्याचा जमाखर्च ठेवते. दुकानदाराने गल्ला न उघडता केवळ वहीवरून शिल्लक सांगावी, तसाच हा प्रकार आहे.

वहीतील लहानलहान चुका साठत जातात, तशा या जमाखर्चातही साठतात. बॅटरी पूर्ण भरली किंवा जवळजवळ रिकामी झाली, की व्होल्टेजवरून तिची स्थिती खात्रीने ओळखता येते. त्या वेळी चिप आपला हिशेब दुरुस्त करून घेते. सतत चार्जरला जोडून ठेवलेल्या लॅपटॉपला ही संधी क्वचितच मिळते. परिणामी त्याने दाखवलेले ३० टक्के प्रत्यक्षात बरेच कमी असू शकतात, आणि संगणक कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडतो.

चिपकडील ही माहिती मुख्य फलकावरील नियंत्रकाकडे जाते, तेथून ती फर्मवेअरच्या द्वारे संचालन प्रणालीला मिळते आणि शेवटी आज्ञेच्या उत्तरात दिसते. आज्ञा स्वतः काहीही मोजत नाही. ती साखळीच्या शेवटच्या कडीवरील नोंद वाचते. यामुळे एकाच लॅपटॉपवर दोन आज्ञांची उत्तरे किंचित वेगळी आली, तर त्यात नवल नाही. एकीने काही सेकंदांपूर्वीची नोंद वाचलेली असते किंवा पूर्णांक करण्याची दोघींची रीत भिन्न असते.

मानकांचा इतिहास

वैयक्तिक संगणकांसाठी वीजव्यवस्थापनाचे पहिले व्यापक मानक एपीएम या नावाने ओळखले जाते. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात बरीचशी सूत्रे बायॉसच्या हाती असत. संचालन प्रणालीने विचारणा केली, की बायॉस तयार टक्केवारी आणि उरलेल्या वेळेचा अंदाज सांगत असे. त्यामागील आकडे समजण्याचा मार्ग नव्हता.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे मानक आणले. २०१३ पासून त्याची देखभाल यूईएफआय फोरम ही संस्था करते. या मानकाने जबाबदाऱ्यांची फेरवाटणी केली. फर्मवेअर आता शिल्लक चार्ज, वापराचा दर, व्होल्टेज आणि बॅटरीची अवस्था या मूळ बाबी पुरवते. त्यांच्यासोबत मूळ आराखड्यातील क्षमता आणि शेवटच्या पूर्ण चार्जच्या वेळची क्षमताही सांगते. टक्केवारी काढण्याचे काम संचालन प्रणालीकडे आले. कमांड लाइनवर आज जे तपशील पाहावयास मिळतात, त्यांचे मूळ या बदलात आहे.

लिनक्समध्ये एपीएमच्या काळात ही माहिती प्रॉक या आभासी फोल्डरातील एका फाइलीत मिळे. पुढे त्याच फोल्डरात एसीपीआयसाठी स्वतंत्र उपफोल्डर आले. २००८ च्या सुमारास ही व्यवस्था सिस या फोल्डरात हलवली गेली आणि आजतागायत तीच प्रचलित आहे. जुन्या मार्गदर्शिकांतील प्रॉक फोल्डरावर आधारलेल्या आज्ञा नव्या संगणकावर चालत नाहीत, त्या यामुळेच.

लिनक्स

फाइली थेट वाचणे

लिनक्समध्ये कोणतीही अतिरिक्त आज्ञावली न बसवता बॅटरीची माहिती वाचता येते. कर्नल ही माहिती /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय या फोल्डरात फाइलींच्या रूपाने मांडतो. यातील सिस हा शब्द एस, वाय, एस या तीन अक्षरांनी लिहितात. या फाइली डिस्कवर साठवलेल्या नसतात. वाचण्याच्या क्षणी कर्नल त्यांतील मजकूर तयार करून देतो.

प्रथम एलएस या आज्ञेने त्या फोल्डरातील नावे पाहावीत. बॅटरीचे नाव बहुधा बॅट० किंवा बॅट१ असे असते. त्यातील बी, ए, टी ही अक्षरे मोठ्या लिपीत असतात. चार्जरसाठी एसी किंवा एडीपी१ यांसारखे वेगळे नाव दिसते. बॅटरीचे नाव मुळीच दिसत नसेल, तर तो संगणक मेजावरील असू शकतो, बॅटरी काढलेली असू शकते किंवा ती यंत्रणा आभासी यंत्राच्या आत चालत असू शकते.

नाव कळल्यावर फाइलीतील मजकूर दाखवणारी कॅट ही आज्ञा वापरतात. तिचे लेखन सी, ए, टी असे आहे. उदाहरणार्थ,

कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/कपॅसिटी

या आज्ञेचे उत्तर म्हणून ० ते १०० यांमधील एक संख्या मिळते. हीच बॅटरीची टक्केवारी होय. त्याच फोल्डरातील इतर महत्त्वाच्या फाइली पुढीलप्रमाणे आहेत.

• स्टेटस: बॅटरीची अवस्था. चार्जिंग, डिस्चार्जिंग, फुल, नॉट चार्जिंग किंवा अननोन यांपैकी एक शब्द येतो. संगणकाची भाषा मराठी ठेवली असली, तरी कर्नलकडून येणारे हे शब्द इंग्रजीतच राहतात.
• एनर्जी_नाऊ: या क्षणी शिल्लक असलेली ऊर्जा.
• एनर्जी_फुल: सध्याच्या स्थितीत पूर्ण भरल्यावर मावणारी ऊर्जा.
• एनर्जी_फुल_डिझाइन: बॅटरी नवी असताना अपेक्षित असलेली ऊर्जा.
• पॉवर_नाऊ: या क्षणीचा वीजवापराचा किंवा चार्ज होण्याचा दर.
• व्होल्टेज_नाऊ: या क्षणीचे व्होल्टेज.
• सायकल_काउंट: आजवर झालेल्या चार्जचक्रांची संख्या. येथे शून्य दिसल्यास बॅटरी नवी आहे असे लगेच समजू नये. फर्मवेअर ही माहिती पुरवत नसतानाही अनेकदा शून्यच दिसते.
• यूइव्हेंट: वरील बहुतेक बाबी एकत्र दाखवणारी फाइल.

या फाइली वाचण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत.

एकके

वरील फाइलींतील संख्या फार मोठ्या दिसतात, कारण त्या दशलक्षांश एककांत असतात. ऊर्जा मायक्रोवॅट-तासांत, शक्ती मायक्रोवॅटमध्ये आणि व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये दिलेले असते. संख्येला दहा लाखांनी भागले, की परिचयाचे एकक मिळते. म्हणजेच ५,००,००,००० मायक्रोवॅट-तास म्हणजे ५० वॅट-तास.

काही लॅपटॉपमध्ये एनर्जी या शब्दाने सुरू होणाऱ्या फाइली नसतात. त्यांच्या जागी चार्ज_नाऊ, चार्ज_फुल आणि चार्ज_फुल_डिझाइन या फाइली असतात आणि पॉवर_नाऊऐवजी करंट_नाऊ असते. तेथे संख्या मायक्रोअँपिअर-तास आणि मायक्रोअँपिअर यांत असतात. अँपिअर-तासांना बॅटरीच्या सरासरी व्होल्टेजने गुणल्यास वॅट-तास मिळतात. ४.४ अँपिअर-तास आणि ११.१ व्होल्टच्या बॅटरीची ऊर्जा ४८.८४ वॅट-तास होते. विमानप्रवासातही हा आकडा उपयोगी पडतो. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीचा लॅपटॉप विमान कंपनीच्या वेगळ्या परवानगीशिवाय प्रवासी कक्षात नेता येतो.

सोदाहरण गणित

पुढील आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. एका लॅपटॉपच्या फाइली वाचून, दहा लाखांनी भागल्यानंतर पुढील माहिती मिळाली असे मानू.

• मूळ क्षमता: ५० वॅट-तास
• सध्याची पूर्ण क्षमता: ४१ वॅट-तास
• शिल्लक ऊर्जा: २४.६ वॅट-तास
• वीजवापर: ८.२ वॅट

टक्केवारी: २४.६ भागिले ४१, म्हणजे ६० टक्के. पडद्यावरील चिन्ह हाच आकडा दाखवील.

बॅटरीचे आरोग्य: ४१ भागिले ५०, म्हणजे ८२ टक्के. मूळ क्षमतेपैकी १८ टक्के कायमची गेली आहे आणि कितीही वेळ चार्ज केले तरी ती परत येणार नाही.

उरलेला वेळ: २४.६ भागिले ८.२, म्हणजे ३ तास. मात्र हे उत्तर वीजवापर तसाच राहील या गृहीतावर उभे आहे. त्याच लॅपटॉपवर चित्रफीत संपादित करू लागल्यास वापर २४.६ वॅटपर्यंत जाऊ शकतो आणि तीन तासांचा एक तास होतो. टक्केवारी तीच असूनही उरलेला वेळ मिनिटामिनिटाला बदलताना दिसतो, त्याचे कारण हेच आहे.

हीच बॅटरी नवी असती, तर २४.६ वॅट-तास शिल्लक असताना चिन्हाने ४९ टक्के दाखवले असते. ऊर्जा तितकीच, पण छेद लहान झाल्याने जुनी बॅटरी ६० टक्के दाखवते. जुन्या आणि नव्या बॅटरीच्या टक्केवारीची तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

यूपॉवर आणि एसीपीआय या आज्ञा

हा हिशेब स्वतः करावयाचा नसेल, तर यूपॉवर ही आज्ञा उपयोगी पडते. चित्रमय पडदा असलेल्या बहुतेक लिनक्स वितरणांत ती आधीपासून असते. यूपॉवर -ई असे टंकल्यास जोडलेल्या साधनांची यादी येते. यातील ई हे एकच रोमन अक्षर आहे. यादीतील बॅटरीचे पूर्ण नाव यूपॉवर -आय या आज्ञेपुढे लिहिल्यास अवस्था, ऊर्जा, वापराचा दर, उरलेला वेळ आणि टक्केवारी ही सर्व माहिती वॅट-तास, वॅट अशा सोप्या एककांत मिळते.

येथे एका शब्दाने अनेकांची फसगत होते. सिस फोल्डरातील कपॅसिटी ही फाइल शिल्लक चार्जची टक्केवारी सांगते. यूपॉवरच्या उत्तरात शिल्लक चार्ज पर्सेंटेज या नावाखाली असतो, तर कपॅसिटी या नावाखाली बॅटरीचे आरोग्य, म्हणजे मूळ क्षमतेच्या तुलनेत सध्याची क्षमता दिलेली असते. वरील उदाहरणात पहिल्या ठिकाणी कपॅसिटी ६० दिसेल, तर दुसऱ्या ठिकाणी ८२. दोन्ही उत्तरे बरोबरच असतात. प्रश्न मात्र वेगवेगळे असतात.

एसीपीआय याच नावाची एक छोटी आज्ञावली वेगळी बसवून घेता येते. एसीपीआय -बी या आज्ञेचे उत्तर एका ओळीत मिळते. त्यात बॅटरीचा क्रमांक, अवस्था, टक्केवारी आणि उरलेला वेळ असतो. -आय हा पर्याय दिल्यास मूळ क्षमता आणि शेवटच्या पूर्ण चार्जची क्षमता यांचीही भर पडते.

एकापेक्षा अधिक बॅटऱ्या

काही लॅपटॉपमध्ये एक बॅटरी आत आणि एक बाहेरून बसवण्याजोगी अशा दोन बॅटऱ्या असतात. तेव्हा बॅट० आणि बॅट१ अशी दोन फोल्डरे दिसतात. एकूण पातळी काढण्यासाठी दोन्ही टक्केवाऱ्यांची सरासरी घेणे चुकीचे ठरते. समजा, २० वॅट-तासांची पहिली बॅटरी ५० टक्के आणि ६० वॅट-तासांची दुसरी ९० टक्के भरलेली आहे. सरासरी ७० टक्के येते. प्रत्यक्षात ८० वॅट-तासांपैकी १० अधिक ५४, म्हणजे ६४ वॅट-तास शिल्लक आहेत. ही पातळी ८० टक्के होते. म्हणून आधी ऊर्जांची बेरीज आणि मग भागाकार, हाच क्रम योग्य होय.

विंडोज

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल उघडून आज्ञा देता येतात. बॅटरीच्या सविस्तर माहितीसाठी विंडोज ८ पासून पुढील आज्ञा उपलब्ध आहे.

पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट

पॉवर या शब्दाला सी, एफ, जी ही अक्षरे जोडून आज्ञेचे नाव तयार होते. ही आज्ञा पडद्यावर उत्तर न देता ज्या फोल्डरातून ती दिली त्याच फोल्डरात एक अहवाल तयार करते. तो ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतो. अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता मिलिवॅट-तासांत, अलीकडच्या दिवसांतील वापर आणि क्षमता कालक्रमाने कशी घटत गेली याची नोंद असते. संबंधित संगणकाने पुरवली असल्यास चार्जचक्रांची संख्याही दिसते. वापरलेला लॅपटॉप विकत घेताना विक्रेत्याच्या शब्दापेक्षा हा अहवाल अधिक बोलका ठरतो.

केवळ टक्केवारी हवी असल्यास पॉवरशेलमध्ये गेट-सिमइन्स्टन्स ही आज्ञा विन३२_बॅटरी या वर्गाच्या नावासह देतात. उत्तरातील एस्टिमेटेडचार्जरिमेनिंग हा आकडा शिल्लक टक्केवारी असतो. बॅटरीस्टेटस या नावापुढे १ असल्यास बॅटरी खर्च होत आहे आणि २ असल्यास संगणक बाहेरील विजेला जोडलेला आहे असे समजावे. पूर्वी याच कामासाठी डब्ल्यूएमआयसी ही आज्ञा वापरली जाई. मायक्रोसॉफ्टने तिला निवृत्त केले असून विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती आपोआप मिळत नाही.

याच उत्तरात एस्टिमेटेडरनटाइम या नावाखाली उरलेली मिनिटे दिलेली असतात. चार्जर जोडलेला असताना येथे अनेकदा ७,१५,८२,७८८ ही संख्या दिसते. सुमारे १३६ वर्षांइतका हा काळ अर्थातच खरा नसतो. ३२ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येला ६० ने भागल्यावर हा आकडा येतो; वेळ सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मॅकओएस

मॅकओएसमध्ये टर्मिनल उघडून पुढील आज्ञा देतात.

पीएमसेट -जी बॅट

यातील बॅट हा शब्द बी, ए, टी, टी असा दोनदा टी घालून लिहितात. उत्तराच्या पहिल्या ओळीत संगणक बॅटरीवर चालत आहे की बाहेरील विजेवर, हे सांगितलेले असते. दुसऱ्या ओळीत टक्केवारी, अवस्था आणि उरलेला वेळ येतो. चार्जर नुकताच काढला असल्यास वेळेच्या जागी अंदाज उपलब्ध नाही अशा अर्थाचे इंग्रजी शब्द दिसतात. काही मिनिटांचा वीजवापर पाहिल्यावरच यंत्रणा अंदाज देऊ लागते.

सिस्टीम_प्रोफायलर या आज्ञेला एसपीपॉवरडेटाटाइप हे नाव जोडल्यास चार्जचक्रांची संख्या आणि बॅटरीची प्रकृती समजते. येथे एस, पी ही अक्षरे आणि पॉवर, डेटा, टाइप या शब्दांची आद्याक्षरे मोठ्या लिपीत असतात. ॲपल कंपनीने आपल्या आधुनिक मॅकबुकांच्या बॅटऱ्यांसाठी १,००० चार्जचक्रांची मर्यादा सांगितली आहे. एक चक्र म्हणजे एकदा चार्जर लावणे नव्हे. एकूण १०० टक्के ऊर्जा खर्च होणे म्हणजे एक चक्र. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापर झाल्यास दोन दिवसांत मिळून एकच चक्र पूर्ण होते.

बीएसडी कुळातील प्रणाली

फ्रीबीएसडीमध्ये एसीपीआयकॉन्फ -आय ० या आज्ञेने पहिल्या बॅटरीची मूळ क्षमता, शेवटच्या पूर्ण चार्जची क्षमता, शिल्लक टक्केवारी आणि वापराचा दर कळतो. ओपनबीएसडीमध्ये एपीएम -एल ही आज्ञा केवळ टक्केवारी सांगते, तर एपीएम -एम उरलेली मिनिटे सांगते. येथे एपीएम हे जुन्या मानकाचे नाव आज्ञेच्या रूपाने टिकून आहे. आतली माहिती मात्र आधुनिक लॅपटॉपवर एसीपीआयकडूनच येते. नेटबीएसडीमध्ये एन्व्हस्टॅट ही आज्ञा तापमापकांसह बॅटरीचीही नोंद दाखवते.

पातळीवर लक्ष ठेवणे

लिनक्समध्ये वॉच ही आज्ञा दुसरी आज्ञा ठरावीक सेकंदांनी पुन्हापुन्हा चालवते. वॉच -एन ६० असे लिहून पुढे कपॅसिटी फाइल वाचण्याची आज्ञा दिल्यास दर मिनिटाला ताजा आकडा दिसतो.

सूचना देणारी छोटी आज्ञावली तीन पायऱ्यांची असते. प्रथम कपॅसिटी आणि स्टेटस या दोन फाइली वाचावयाच्या. मग अवस्था डिस्चार्जिंग आहे आणि टक्केवारी ठरवलेल्या मर्यादेहून कमी आहे, या दोन्ही अटी तपासावयाच्या. त्या पूर्ण होत असतील तर सूचना दाखवावयाची. अवस्थेची अट गाळल्यास चार्जर जोडलेला असतानाही सूचना येत राहते. जुन्या बॅटरीसाठी मर्यादा थोडी वरची, उदाहरणार्थ २० ऐवजी ३० टक्के ठेवणे सुरक्षित असते, कारण तिचे शेवटचे टक्के वेगाने उतरतात.

अचानक बंद पडणे आणि पुनर्मापन

बॅटरीने ३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप बंद पडल्यास न जतन केलेले काम नष्ट होते. याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण मापक चिपचा हिशेब चुकलेला असणे. बॅटरी एकदा पूर्ण भरून, नंतर संगणक आपोआप बंद होईपर्यंत वापरून, पुन्हा सलग पूर्ण चार्ज केल्यास चिपला दोन्ही टोके सापडतात आणि हिशेब सुधारतो. या क्रियेनंतर एनर्जी_फुल या फाइलीतील आकडा बदललेला दिसू शकतो. तो घटल्यास या क्रियेने बॅटरी बिघडली असे नव्हे. आधीचाच आकडा फुगलेला होता. पूर्ण रिकामे करण्याने लिथियम-आयन घटांवर ताण येतो, म्हणून ही क्रिया वारंवार करू नये.

दुसरे कारण घट स्वतः जीर्ण होणे. जुन्या घटांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. वीजवापर एकदम वाढला की व्होल्टेज कोसळते आणि सुरक्षा यंत्रणा पुरवठा तोडते. व्होल्टेज_नाऊ ही फाइल साध्या कामाच्या वेळी आणि जड कामाच्या वेळी वाचून पाहिल्यास ही घसरण आकड्यांत दिसते. यावर पुनर्मापनाचा इलाज चालत नाही. बॅटरी बदलावी लागते. बॅटरी फुगलेली आढळल्यास तिचे आकडे तपासत न बसता वापर तत्काळ थांबवणे आवश्यक असते.

लिथियम-आयन बॅटरी अधिक तापमानात आणि सतत पूर्ण भरलेल्या अवस्थेत लवकर जीर्ण होते. म्हणून थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपमध्ये चार्ज कोठे थांबवावा ही मर्यादा ठरवता येते. लिनक्समध्ये ती चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड या फाइलीत असते. ती बदलण्यासाठी मात्र प्रशासकाचे अधिकार लागतात. तेथे ८० लिहिल्यास चार्ज ८० टक्क्यांवर थांबतो आणि चार्जर जोडलेला असूनही अवस्था नॉट चार्जिंग अशी दिसू शकते. हा बिघाड नसतो. दीर्घ प्रवासापूर्वी मर्यादा पुन्हा १०० करण्याची आठवण मात्र ठेवावी लागते.